फ्रान्सच्या खेड्यांतून २१ दिवस सायकलवर : दोघांसाठी कोणता रूट घ्यावा?

धरमपेठची_सायकल

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी आणि आमचे हे असे दोघं फ्रान्सला सायकलने फिरायचं ठरवून राहिलो आहोत. माझं वय ४९, ह्यांचं ५४. सुट्टी हातात २१ दिवस, त्यात येणं-जाणं धरून. गेली सहा वर्षं दर रविवारी सायकल चालवतो, नागपुरात फुटाळा-सेमिनरी हिल्स तर नेहमीचंच, रामटेक-खिंडसी वर्षातून चार-पाचदा होतं, सेवाग्रामला दोनदा जाऊन आलो आणि मागच्या डिसेंबरात सामान लादून पेंचकडे तीन दिवस फिरलो तेव्हाच हे डोक्यात शिरलं की अशी एक लांब ट्रिप एकदा तरी करायचीच.

पॅरिस बघायचं नाही असं नाही, पण मन खेड्यांत आहे. द्राक्षाचे मळे, छोटे रस्ते, नदीकाठ, गावातलं चर्च, झाडाखाली बसून डबा खायचा, असं काहीतरी. माझ्या भाच्याने मोबाईलवर एक प्लॅन करून दिला आहे तो असा : पॅरिसहून नॉर्मंडी, तिथून खाली ल्वार नदी, मग बोर्दो, मग कालव्याच्या काठाने तुलूझ, तिथून भूमध्य समुद्र आणि शेवटी मों व्हांतू डोंगर चढून परत. साधारण १६०० किमी होतात. १७ दिवस चालवायचं धरलं तर रोजचे ९५. इथे आम्ही १०० किमी करतो, पण सामानाशिवाय आणि दुसऱ्या दिवशी घरी पाय वर करून बसतो हेही खरं. ह्यांचा उजवा गुडघा चढावर थोडा बोलतो.

प्रश्न असे की (१) हा प्लॅन जमण्यासारखा आहे का, नसेल तर काय कापू, (२) मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडं चालतं, तर खेड्यात खायचं काय, (३) आपली सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, (४) तंबू की हॉटेल. फ्रेंच दोघांनाही येत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळ भरपूर आहे.

खिंडसीकाठ

ताई, आधी मनापासून सांगतो, तो १६०० चा प्लॅन बाजूला ठेवा. भाच्याने नकाशा बरोबर काढला असेल पण नकाशात दुकानाच्या वेळा नसतात. मी आणि बायको २०२३ च्या जूनमध्ये गेलो होतो, आम्ही एकच नदी धरली, ल्वार, आणि समुद्राकडून वर नेव्हेर गावापर्यंत १६ दिवस चालवलं, रोजचे ३५ ते ६०. मला विचाराल तर तुम्हा दोघांसाठी हाच रूट, दुसरा नाही.

कारण सांगतो. 'ल्वार आ व्हेलो' म्हणून साधारण ९०० किमीचा खुणा लावलेला सायकलमार्ग आहे, नांतच्या पुढे समुद्रावर सें-ब्रेव्हँपासून तो नेव्हेरजवळ क्युफीपर्यंत. हाच पुढे युरोव्हेलो ६ चा भाग आहे, जो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. चढ जवळपास नाहीच, नदीच्या काठाने जुने बांध आहेत त्यावरून किंवा शेतातल्या छोट्या रस्त्याने जायचं, त्यामुळे गुडघ्याची काळजी मिटली. आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो म्हणून समुद्राकडून आत जा, उलटं नको. आम्हाला उलट्या दिशेने येणारे लोक भेटायचे, दुपारी त्यांचे चेहरे बघूनच कळायचं.

नदी बघून बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, ही तर आपली कन्हान. खरंच तसं आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध वाळूचे पांढरे बेट, त्यावर पक्षी, आणि पाणी वाळूच्या दोन्ही बाजूंनी निवांत. मोठ्या बोटी नाहीत, कारण पात्र उथळ. सपाट बुडाच्या लाकडी होड्या काठाला बांधलेल्या दिसतात. सोम्यूरच्या आसपास पांढऱ्या मऊ दगडाचे कडे आहेत, त्याच दगडातून हे सगळे राजवाडे बांधले आणि दगड काढून जी भुयारं उरली त्यात लोक राहायला लागले, आता तिथे मशरूम पिकवतात. कड्याला दार-खिडकी लावलेली, बाहेर फुलांची कुंडी, आणि वर डोंगरातून धुराडं निघालेलं, आम्ही अर्धा तास नुसतं बघत उभे होतो.

राजवाडे एवढे आहेत की सगळे बघायचे म्हटलं तर ट्रिप तिकिटातच संपेल. आम्ही तीनच आतून बघितले. शांबोर (१५१९ मध्ये काम सुरू झालं, ४४० खोल्या, आणि ते दोन जिने एकमेकांत गुंफलेले, चढणारा आणि उतरणारा समोरासमोर येत नाही), व्हिलांद्रीच्या बागा, आणि शनोंसो जो शेर नदीवर पुलासारखा बांधलाय. आंब्वाजला लिओनार्दो दा व्हिंचीचं शेवटचं घर आहे, १५१९ मध्येच तो तिथे वारला. बाकीचे बाहेरून. शांबोरला सकाळी लवकर जा, बागेच्या भिंतीच्या आत जंगल आहे, ती भिंतच ३२ किमीची आहे, त्यातून सायकल चालवताना एकदम तो वाडा समोर येतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला जायच्या आधी कोणी सांगितली नव्हती. फ्रान्सच्या खेड्यात तुमचं अंतर पाय ठरवत नाहीत, बेकरी ठरवते. बारा वाजले की दुकानं बंद, दोन-अडीचला उघडणार. रविवारी दुपारनंतर गाव झोपलेलं, सोमवारी बऱ्याच ठिकाणी तेच. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असते आणि तो दिवस प्रत्येक गावाचा वेगळा. आमचा दुसरा रविवार असा गेला की दुपारी एकला पोचलो, तीन गावं ओलांडली, एकही दार उघडं नाही, पिशवीत अर्धा बगेट आणि नागपूरहून नेलेला चिवडा. तो चिवडा चर्चच्या पायरीवर बसून खाल्ला, आणि मग नियमच केला की शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं सामान भरायचं आणि रोज सकाळी पहिली उघडी बेकरी दिसली की दुपारचंही तिथेच घ्यायचं, पुढच्या गावाच्या भरवशावर राहायचं नाही. रोज ९५ किमी करायचे ठरवलं की बाराच्या आत ६० झालेच पाहिजेत असं होतं, मग बाजार दिसला तरी थांबत नाही माणूस. आणि बाजारासाठीच तर चाललात ना तुम्ही.

पाण्याचं सांगतो. छोट्या गावात हॉटेल नसलं तरी दफनभूमी असतेच, बहुतेक गावाच्या टोकाला, आणि तिथे नळ असतो, थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला. तिथले सायकलवाले सर्रास तिथूनच बाटल्या भरतात. बायको पहिल्यांदा तयारच नव्हती, म्हणे मसणवट्यातलं पाणी मी पिणार नाही, मी काही आग्रह केला नाही. ३४ डिग्री ऊन, बाटल्या रिकाम्या, फाटकापाशी उभे. आत एक आजी पितळी झारीने फुलांना पाणी घालत होत्या, नवऱ्याचं थडगं असावं. त्यांनी आमच्या बाटल्या बघितल्या, काही न बोलता हातातून घेतल्या, नळावर आधी स्वच्छ धुतल्या, भरल्या आणि आणून बायकोच्या हातात दिल्या. बायको प्यायली. त्यानंतर पुढे सगळीकडे तीच आधी दफनभूमी शोधायची. फक्त नळावर 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिऊ नका, ते प्यायचं पाणी नाही.

राहायला तंबू घ्या, पण तीन रात्रींनंतर एक रात्र पलंगावर. गावोगावी ग्रामपालिकेची कॅम्पसाइट असते, बरेचदा नदीलाच लागून, गरम पाण्याचा शॉवर, दोघांचे १५ ते २५ युरो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई नाही. पलंगासाठी 'आक्य व्हेलो' ची पाटी बघा, ती पाटी असलेल्या ठिकाणी सायकल कुलूपबंद ठेवायची सोय आणि रिपेअरचं किट असतंच.

सीताबर्डी_ते_सेत

वरच्या दादांशी ९० टक्के सहमत, फक्त 'दुसरा नाही' हे मान्य नाही. कालव्यांना विसरू नका.

मी एकटा गेलो होतो, सप्टेंबरमध्ये, बोर्दोकडून तुलूझ आणि तिथून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंत. दोन कालवे जोडून हा रूट होतो. तुलूझपर्यंत गारोन कालवा, त्याच्या काठची वाट डांबरी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी झाडं, पोरं-म्हातारे सगळे चालवतात. तुलूझपासून पुढे कनाल द्यु मिदी, २४० किमी, पिअर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ ला सुरू केला आणि १६८१ ला पूर्ण झाला, पण तो स्वतः आधीच्या वर्षी वारला. मीठकर वसूल करणारा अधिकारी होता, इंजिनिअर नव्हता, आणि स्वतःचा पैसा घातला त्यात. पाणी आणायचं कुठून हाच मोठा प्रश्न होता, तर त्याने काळ्या डोंगरातले ओढे वळवून मोठं धरण बांधलं आणि ते पाणी चढाच्या सगळ्यात उंच जागी सोडलं म्हणजे तिथून दोन्हीकडे उतरेल. मी स्वतः पाटबंधाऱ्याच्या कामातला माणूस, आपल्या पेंचच्या कालव्यावर उन्हात उभं राहून लेव्हल घेतलेली आहे, म्हणून त्या उंचवट्यावर पोचलो तेव्हा सायकल आडवी टाकली आणि बराच वेळ ते पाणी दोन बाजूंना वाटून जाताना बघत बसलो. साडेतीनशे वर्षं चालू आहे.

पण ताई, माझी चूक ऐका. मी २५ मिमी रुंदीचे टायर घेऊन गेलो होतो. तुलूझ सोडल्यावर साधारण ५० किमी डांबर आहे, त्यानंतर वाट मातीची, आणि कालव्याच्या काठच्या 'प्लेन' नावाच्या झाडांची मुळं बोटासारखी वर आलेली. कार्कासोनच्या अलीकडे मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. वार सोमवार. सायकलचं दुकान बंद. चाक ब्रेकला घासत होतं, ब्रेक मोकळा सोडून ११ किमी ढकलत गेलो. मंगळवारी दुकानदाराने चाक हातात धरून फिरवलं, माझ्या टायरकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या सायकलच्या टायरकडे, जो ४० चा होता. एवढंच बोलणं झालं. म्हणून त्या बाजूला जाणार असाल तर ३८-४० चे टायर, जास्तीचे स्पोक आपल्या चाकाच्या मापाचे घरूनच घेऊन, हँडलला नाही तर फ्रेमला टेपने चिकटवून.

आणखी एक मनाची तयारी ठेवा. तिथली ती प्रसिद्ध सावली आता सलग राहिलेली नाही. झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ मध्ये कालव्यावर पहिल्यांदा सापडला, त्याला औषध नाही, लागण झाली की तोडून जाळतात. नवी झाडं लावून राहिले पण ती अजून लहान. मैलोनमैल उघडा काठ, आणि जूनमधलं दक्षिणेचं ऊन. आपण नागपूरचे, ऊन सोसतो, तरी दुपारी १२ ते ४ मी झाडाखाली झोपायचो.

तुमच्यासारख्या जोडीला मी तिसराच पर्याय सुचवीन, पूर्वेकडचा बर्गंडी प्रांत. शालोंच्या जवळून क्लुनीकडे जुनी रेल्वेलाइन उखडून सायकलवाट केली आहे, १९९७ मध्ये, फ्रान्समधली अशी पहिली. चढ रेल्वेचाच म्हणजे नसल्यासारखा, दोन्ही बाजूंनी द्राक्षमळे, जुन्या स्टेशनांच्या इमारती तशाच, पुढे माकोंकडे जाताना दीड किमीहून लांब बोगदा लागतो, आत एवढं गार की जॅकेट घालावं लागतं. आणि नेव्हेरहून पूर्वेकडे कालव्याच्याच काठाने तुम्ही दिग्वँ करत शालोंला पोचता. म्हणजे ल्वार थोडी कमी करून शेवटचे चार-पाच दिवस बर्गंडीत घालवता येतील.

ल्वारकाठची_लेक

मी मूळची नागपूरचीच, प्रतापनगर, सहा वर्षांपासून ल्वारकाठच्या तूर शहरात नोकरीला आहे त्यामुळे खाण्याचं मी सांगते कारण मीही शाकाहारी आहे आणि पहिलं वर्ष रडत काढलंय.

गावातल्या छोट्या हॉटेलात 'प्ला द्यु जूर' म्हणजे दिवसाचं ताट असतं आणि त्यात मांस किंवा मासे असणारच, 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर पुष्कळदा चिकन काढून सॅलड देतात आणि त्यात हॅमचे तुकडे राहतात, त्यांच्या मते ते मांसात येत नाही की काय माहीत नाही. म्हणून 'नी व्हियांद, नी प्वासों, नी जांबों' असं तिन्ही म्हणा, मांस नाही, मासे नाही, हॅम नाही. ऑम्लेट सगळीकडे मिळेल, गरम बकरीच्या चीजचं सॅलड मिळेल (डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात कधीकधी, आधी विचारा). ज्यांना वासराच्या पोटातल्या पदार्थाने दूध विरजलेलं चालत नाही त्यांनी चीजचं लेबल बघावं, 'प्रेझ्यूर' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा प्राण्यांपासूनचंच, आणि पारंपरिक चीज जवळपास सगळी तशीच असतात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्या आईला हे इथे आल्यावर कळलं आणि तिला फार लागलं.

पण स्वयंपाक करणार असाल तर काहीच अडचण नाही! कोणत्याही सुपरमार्केटमध्ये 'लांतिय कोराय' नावाचं नारंगी डाळीचं पाकीट मिळतं, ती आपली मसूर डाळ. तांदूळ, हळद, जिरं, कांदा-टोमॅटो सगळं तिथेच. वीस मिनिटांत खिचडी. नागपूरहून फक्त गोडा मसाला, तिखट आणि लोणच्याची छोटी बाटली आणा. स्टोव्हचं एक लक्षात ठेवा, गॅसचा डबा विमानात अजिबात चालत नाही आणि इथल्या सुपरमार्केटमध्ये निळे डबे मिळतात ते दाबून बसवायचे असतात, पेचाचे नसतात. आपल्याकडे ट्रेकवाल्यांकडे पेचाचा स्टोव्ह असतो, तो त्यावर बसत नाही. पेचाचे डबे डेकॅथलॉनमध्ये मिळतात, म्हणजे मोठ्या शहरात, तर नांतलाच दोन घेऊन ठेवा.

आणि भाषेचं. फ्रेंच येत नाही चालेल, पण दुकानात शिरल्या शिरल्या आधी 'बोंजूर', मग बाकी सगळं. आपल्याकडे खेड्यात राम राम न करता थेट 'दूध आहे का' विचारलं तर कसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं. बोंजूर म्हटलं की तोच माणूस हाताने खुणा करून, नकाशा काढून, पोराला बरोबर पाठवून रस्ता दाखवतो.

जूनच्या सुरुवातीला या, जुलैत शाळेला सुट्टी लागते मग कॅम्पसाइट भरतात. मेमध्ये १ आणि ८ तारखेची सुट्टी असते, शिवाय ईस्टरवर ठरणारे दोन दिवस, तेव्हा सगळं बंद. आणि ल्वारच्या काठाने जी रेल्वे आहे तिच्यात उन्हाळ्यात सायकलींची खास सोय असते, पाय थकले, पाऊस लागला तर सरळ गाडीत बसा दोन स्टेशनं पुढे जा, त्यात काही कमीपणा नाही.

धरमपेठची_सायकल

वाचून डोळे भरून आले खरंच, त्या झारीवाल्या आजींचं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. १६०० रद्द, भाच्यालाही सांगितलं. मों व्हांतूचं थोडं वाईट वाटतंय कारण ह्यांनी टीव्हीवर टूर दे फ्रान्समध्ये तो बघितल्यापासून मनात धरला होता. चिखलदरा सामानाशिवाय चढलो आहोत आम्ही, परतवाड्याहून.

आता राहिलं ते सायकल न्यायची की नाही, आणि रस्त्याचे नियम. उजव्या बाजूने चालवायचं म्हणून थोडी भीती आहे.

रात्रीचा_पेडलवाला

ताई, व्हांतू राहू द्या. बेद्वँहून २१ किमीचा चढ हाय, सरासरी साडेसात टक्के, वर १९०० मीटरच्या पुढं, आन् वरचे शेवटचे किमी निस्ते पांढरे दगड, झाड नाई, तिथं वारा असा मारते का सायकल हातातून जाते. साहेबांच्या गुडघ्याले त्याची गरज नाई. जायचंच असन तर पुढच्या खेपेले निस्ता तोच एक करा.

मी २०२३ ले पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड केली, १२०० किमी, ९० तासाची मुदत, रांबूयेतून निघून परत तिथंच. ते टुरिंग नोहे, पण खेडे तर म्या रातंदिवस पायले. रात्री दोन वाजता एखाद्या गावात घरासमोर टेबल मांडलेलं, कॉफी, पाणी, केक, आन् एक म्हातारा अन् त्याची नात उभे. पैसे देऊ लागलो तं हात मागं घेतला, वहीत गावाचं नाव लिहून दे म्हणे. म्या मराठीत 'नागपूर' लिहिलं. असे एक नाई पंचवीस टेबल. तिथं सायकलवाला म्हणजे रस्त्यातली अडचण नोहे.

आता रस्त्याचं. डी लिहिलेले रस्ते घ्या, ते जिल्ह्याचे, मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असते. लाल डोक्याचा दगड म्हणजे मोठा रस्ता, तो टाळा. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी आली का गाव चालू, त्यावर तिरपी रेघ मारलेली पाटी आली का गाव संपलं. गावात एक नियम नीट डोक्यात ठेवा, उजवीकडून गल्लीतून येणाऱ्याले आधी जाऊ द्या लागते, तो लहान रस्त्यावरून येत असला तरी. पिवळ्या चौकटीची तिरपी पाटी असन तर मात्र तुमचा हक्क. ओव्हरटेक करणाऱ्या गाडीनं गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथं कायदाच हाय, आन् लोक पाळते.

उजव्या बाजूची सवय दोन दिवसात होते. धोका कवा हाय सांगू? सकाळी कॅम्पमधून निघतानाचं पयलं वळण, आन् जेवून उठल्यावरचं. मोकळा रस्ता असला, गाडी दिसत नसली, का माणूस आपोआप डावीकडं जाते. म्या हँडलवर उजवीकडं लाल टेप लावला होता.

भाड्याची सायकल घ्यान तर ब्रेक पाहून घ्या आधी. आपल्याकडं पुढचा ब्रेक उजव्या हाताले असते, तिथं डाव्या हाताले. माझ्यासंगं एक जण होता, त्यानं उतारावर मागचा समजून डावा दाबला, सरळ हँडलवरून पुढं. खांदा उतरला. दुकानातच दोनी ब्रेक एकेक दाबून पाहा आन् पयल्या दिवशी उतारावर हळू.

संध्याकाळी अंधार पडला का गावाबाहेर चमकणारं जॅकेट घालाच लागते, नाई तं दंड. कानात हेडफोन बी नाई चालत, एका कानात बी नाई. जेवणाचं एकच सांगतो, तिकडं व्हेलोसिओ म्हणून सायकल टुरिंगचा मोठा माणूस होऊन गेला, १९३० ले वारला, तो म्हणे भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. सेवाग्रामच्या रस्त्यानं एप्रिलमधी हे समजते, तिथं थंड हवेत समजत नाई अन् चार वाजता माणूस बसते.

खिंडसीकाठ

सायकल न्यायची की भाड्याने, यावर आमचा अनुभव. आम्ही भाड्याने घेतल्या, आणि तुम्हीही घ्या असं म्हणेन. ल्वारवर अशी दुकानं आहेत की एका शहरात सायकल घ्या, बाजूला लटकवायच्या पॅनियर बॅगांसकट, आणि दुसऱ्या शहरात परत द्या. फक्त सीट आपली घरची न्या, तेवढं महत्त्वाचं, आणि पेडल आवडीचे असतील तर तेही.

नेणारच असाल तर हिशोब नीट करा. मुंबई-पॅरिसच्या तिकिटावर २३ किलो असलं तरी नागपूर-मुंबई वेगळं तिकीट काढलं की देशातल्या विमानाला १५ किलो, मग तिथेच जादा पैसे जातात. आमच्या ओळखीच्या एकाने खोकं विदर्भ एक्सप्रेसच्या पार्सल डब्यातून मुंबईला नेलं आणि ते स्वस्तात पडलं, पण एक फोर्क वाकला. फ्रान्समध्ये वेगवान गाडीत उभी सायकल न्यायला आधी जागा बुक करावी लागते आणि जागा मोजक्याच असतात. परतताना खोकं लागलं तर तिथली दुकानं नव्या सायकलीचं रिकामं खोकं देतात, दोन दिवस आधी सांगायचं.

व्हिसाला लागणारा विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो. आम्ही मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. तंबूची ट्रिप असल्याने राहायचा पुरावा काय द्यायचा हा प्रश्न होता, तर सगळ्या रात्रींची कॅम्पसाइट आणि खोल्यांची बुकिंगं केली, ज्या रद्द करता येतात अशाच घेतल्या, आणि सोबत रोज कुठून कुठे जाणार त्याचं एक पान जोडलं. काही अडलं नाही.

धरमपेठची_सायकल

तर आमचं असं ठरलं. ७ जूनला निघायचं, नांतहून सुरुवात, ओर्लेआंपर्यंत ल्वार, साधारण ४०० किमी, नऊ-दहा दिवस. तिथून रेल्वेने नेव्हेर, मग कालव्याने शालों आणि ती क्लुनीची रेल्वेवाट. दिवसाला ४५ च्या वर नाही. सायकली भाड्याच्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून. रविवारी चालवायचं नाही, बसायचं. ह्यांनी व्हांतू स्वतःहूनच सोडला, म्हणाले त्या आजींच्या गावात जास्त वेळ बसू.

@खिंडसीकाठ, ती दफनभूमी कोणत्या गावाची ते आठवतंय का? नाव सांगाल तर बरं होईल. आणि @ल्वारकाठची_लेक, तूरला पोचलो की एक संध्याकाळ तुझ्याकडे पाटोडीच्या भाजीची राहिली, बेसन आणि मसाला मी इथून घेऊन येते.

खिंडसीकाठ

बायकोने डायरी काढली ताई. गावाचं नाव नाही लिहिलं तिने, पण लिहिलंय : सोम्यूर सोडून दुसरा दिवस, नदी डावीकडे, फाटक हिरवं, आत सायप्रसची दोन झाडं, नळ उजव्या भिंतीला. तेवढ्यावर शोधा.